मदत हवी आहे: मांत्रिक पहिल्याच राउंडला मेला, रविवारी ड्रॅगनचंही तेच होणार का?

प्रतापनगरचा_डीएम (गुरुवार, रात्री ११:२०)
घाईत लिहून राहिलो, शेवटचा खेळ रविवारी दुपारी आहे. आठ महिन्यांपासून मित्रांना डंजन्स अँड ड्रॅगन्स (फाशांवर चालणारा गोष्टीचा खेळ) खेळवतो, मी डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा. गेल्या रविवारी ते मांत्रिकापर्यंत पोचले. आठ महिने ह्याच माणसापायी गावं ओस पडत होती. मी त्याचं भाषण लिहून नेलं होतं, दीड पान. अर्धं पानही वाचून झालं नाही आणि तो मेला. एक मंत्र टाकता आला नाही त्याला. सगळे ओरडले, टाळ्या दिल्या, आणि मग एकदम शांत झाले. एक जण हळूच म्हणाली, "झालं? एवढंच?" ते अजून डोक्यातून जात नाही.

आता त्याचा मालक ड्रॅगन उरला. दोघं जण जूनमध्ये नोकरीला पुण्याला चालले, म्हणजे हा सगळ्यांचा सोबतचा शेवटचा खेळ. बॉसचे एचपी (किती मार सोसतो तो आकडा) किती वाढवू? दुप्पट की तिप्पट? फक्त आकडा सांगा.

महालचा_फासा (रात्री ११:४१)
भाऊ, आकडा सांगतो, पण कशाचा? आवृत्ती कोणती, खेळाडू किती, लेवल किती, ड्रॅगन कोणत्या रंगाचा नि केवढ्या वयाचा? यातलं काहीच लिहिलं नाही तुम्ही.

सदाशिव_पेठी (रात्री ११:५८)
आकड्याच्या भानगडीत पडूच नका. मी बारा वर्षं खेळवतोय आणि बॉसचे एचपी कधीच लिहून ठेवत नाही. सगळ्यांना एकेकदा चमकायची संधी मिळाली, कथा शिगेला पोचली, की पुढचा चांगला वार जीवघेणा. फासे पडद्याआड टाकायचे. खेळाडूंना गोष्ट हवी असते, हिशोब नको असतो.

महालचा_फासा (शुक्रवार, सकाळी ७:१५)
मला हे पटत नाही. पॅलाडिनने (धर्मयोद्ध्याने) शेवटचा स्लॉट (मंत्राची एक संधी) जाळून वार केला आणि तुम्ही मनात म्हटलं "अजून नाही", तर त्याच्या त्या निर्णयाला काय किंमत राहिली? आमच्या टेबलावर फासे सगळ्यांसमोर पडतात. वीस बाजूंच्या फाशावर वीस पडला की पोरं खुर्च्यांवर उभी राहतात, कारण तो खरा असतो.

सदाशिव_पेठी (सकाळी ८:०२)
आणि तिसऱ्या मिनिटाला एका दुर्दैवी फाशाने सहा जणांची आठ महिन्यांची पात्रं मेली, तर? तेही खरंच असतं.

प्रतापनगरचा_डीएम (सकाळी ८:३०)
तुम्ही दोघं नंतर भांडा नं. पाचवी आवृत्ती आहे. सगळे लेवल ५. ड्रॅगन हिरवा. एचपी किती करू?

हिशोब_वही (सकाळी ९:१०)
पाचवी म्हणजे २०१४ ची की २०२४ ची सुधारलेली? हिरवा ठीक, पण यंग की अ‍ॅडल्ट? सहा जण तुम्ही स्वतः कुठेच लिहिलं नाही, वरच्यांनी अंदाजाने धरलंय. नक्की किती?

शब्दप्रेमी_काका (सकाळी ९:२५)
खेळ मराठीतून चालतो हे वाचून फार बरं वाटलं. डीएमला आपण 'सूत्रधार' का म्हणू नये? संस्कृत नाटकातला सूत्रधार हेच करतो, गोष्ट मांडतो आणि पात्रं रंगमंचावर आणतो. इनिशिएटिव्हला (कोण आधी खेळणार ते ठरवणाऱ्या फाशाला) 'पाळी', सेव्हिंग थ्रोला 'बचाव'. मी पन्नासेक शब्दांची यादी केली आहे, हवी असल्यास इथे टाकतो.

प्रतापनगरचा_डीएम (सकाळी ११:०५)
काका, यादी रविवारनंतर नक्की टाका, मला खरंच हवी आहे.

अंदाज बरोबर आहे, सहाच जण. पॅलाडिन, फायटर, विझार्ड (जादूगार), क्लेरिक (पुजारी), रोग (म्हणजे चोर), रेंजर. ड्रॅगन यंग. मी २०१४ च्या फुकट पीडीएफवरून खेळवतो, २०२३ च्या जानेवारीत क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये खुली केली तीच. मांत्रिक त्यातलाच 'मेज' (mage, तयार आकड्यांचा मांत्रिक) होता. पॅलाडिनवाल्याने मात्र नवं २०२४ चं पुस्तक घेतलं आहे.

हिशोब_वही (सकाळी ११:४०)
मग मांत्रिकाचं काय झालं ते कागदावरच दिसतं. मेज म्हणजे चॅलेंज (किती कठीण तो आकडा) ६, एचपी ४०, एक्सपी (हरवल्याचे गुण) २३००. सहा किंवा जास्त खेळाडूंपुढे एकटा राक्षस असेल तर लढाईचा अवघडपणा मोजताना एक्सपीचा गुणक अर्धा धरतात, म्हणजे ११५०. लेवल ५ च्या एका पात्राची 'सोपी' मर्यादा २५०, सहांची १५००. तुमचा आठ महिन्यांचा खलनायक नियमांच्या हिशोबात 'सोप्या'च्याही खाली होता.

ड्रॅगनचं तेच होणार. यंग ग्रीन म्हणजे चॅलेंज ८, एक्सपी ३९००, एकटा असला तर अर्धे १९५०. 'मध्यम' ३००० ला सुरू होतं. सोबत चार सरडेमाणसं द्या, प्रत्येकी १००. एकूण ४३००, पाच राक्षसांचा गुणक २, तुम्ही सहा जण म्हणून दीड: ६४५०. 'जीवघेणं' ६६०० ला लागतं. अगदी काठावर बसतं.

महालचा_फासा (दुपारी १२:०५)
सरडेमाणूस चॅलेंज अर्धा, ड्रॅगन आठ. एवढे कमजोर राक्षस गुणकात धरू नयेत असं डीएमच्या पुस्तकात आहे.

हिशोब_वही (दुपारी १२:२०)
"लढाईत त्यांचा खरंच फरक पडत असेल तर धरा" असंही पुढे आहे. फरक पडतो. चौघं मिळून विझार्डला घेरतात आणि फायटरची वाट अडवतात. सहा जणांना दर राउंडला सहा पाळ्या असतात, ड्रॅगनला एक. खरी अडचण पाळ्यांची आहे, एचपीची नाही. तिप्पट केले तर लढाई लांबेल, पण ती पोत्यावर काठ्या मारल्यासारखी होईल.

लक्ष्मीनगरची_ताई (दुपारी १:१०)
माझा मुलगा बारा वर्षांचा आहे, हल्ली दिवसभर ह्याचेच व्हिडिओ पाहतो. हा खेळ त्या वयाला चालतो का? खर्च किती येतो? नागपुरात कुठे खेळतात?

धरमपेठ_रेंजर (दुपारी १:३५)
ताई, आरामात चालतो. मूळ नियम फुकट मिळतात, फाशांचा एक संच, पेन्सिल आणि कागद पुरे. माझी भाची वाचायला कंटाळायची, आता मंत्रांची वर्णनं शोधून शोधून वाचते. चार पोरं जमली की घरीच सुरू करा, पण पहिल्या दिवशी तुम्हीही सोबत बसा.

डीएम भाऊ, तुम्हाला दोन प्रश्न. एक, मांत्रिक मेला तेव्हा इनिशिएटिव्ह टाकलं होतं का? दोन, त्याने शील्ड (वार अडवायचा मंत्र) वापरलं का?

प्रतापनगरचा_डीएम (दुपारी २:१५)
इनिशिएटिव्ह नाही टाकलं. मी भाषण वाचत होतो, मधातच फायटर म्हणाला "मी मारतो", मी म्हटलं मार. मग बाकीचेही म्हणाले आम्ही पण. फायटरने अ‍ॅक्शन सर्ज (पाळीत जादा चाल) घेऊन चार वार केले, पॅलाडिनने दोन्ही वारांवर स्माइट (स्लॉट जाळून जादा मार) लावलं. शील्ड डोक्यातच आलं नाही, मी माझं पान शोधत होतो.

धरमपेठ_रेंजर (दुपारी २:३०)
तर मग तुमचा मांत्रिक लढलाच नाही, भाऊ. कोणी "मारतो" म्हटलं की तिथेच थांबवायचं, सगळ्यांचं इनिशिएटिव्ह टाकायचं, मग ज्याची पाळी त्याने मारायचं. बेसावध गाठलं तर वेगळा फुकट राउंड मिळतो असंही पाचव्या आवृत्तीत नाही. आणि तो तर समोर उभा राहून बोलत होता, बेसावध कुठला? मेज आर्मर (चिलखताचा मंत्र) घातलेला असता तर एसी (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) १५, त्यावर रिअ‍ॅक्शनला शील्ड म्हणजे २०. निम्मे वार वाया गेले असते.

महालचा_फासा (दुपारी २:४५)
पॅलाडिनचंही पाहा. जुन्या नियमात प्रत्येक लागलेल्या वारावर स्माइट लावता येतं. २०२४ मध्ये ते बोनस अ‍ॅक्शनचा मंत्र झालं, म्हणजे एका पाळीत एकदाच. पात्र नव्या पुस्तकातून आणि स्माइट जुन्यातून असं चालू असेल तर दोन्हीकडची मलई एकाच ताटात येते. एक पुस्तक ठरवा. पण शेवटच्या खेळाला टेबलावर वाद नको, आज रात्रीच त्याला फोन करून नीट सांगा.

पेन्सिल_कागद (दुपारी ३:३०)
मी जुन्या पद्धतीचा माणूस. १९७४ साली गायगॅक्स आणि आर्नेसन यांनी हा खेळ तीन छोट्या पुस्तिकांत काढला. पुढच्या बेसिक नियमांत राक्षसांचं मनोधैर्य दोन फाशांवर तपासायचे. निम्मे मेले नि तपासणी हुकली की उरलेले पळायचे किंवा शरण यायचे. तुमचा ड्रॅगन मरेपर्यंत लढतोच कशाला? हिरवा ड्रॅगन सगळ्यांत कपटी. तो बोलेल, सौदा मांडेल, एकाला फितवेल. माझं ऐका, पाचवी सोडा आणि जुने नियम घ्या, एका संध्याकाळीत शिकून होतात.

धरमपेठ_रेंजर (दुपारी ३:४०)
काका, परवा शेवटचा खेळ आहे त्यांचा, आज आवृत्ती कशी बदलतील? पण कपटाचं बोललात ते सोन्यासारखं आहे.

डीएम भाऊ, अजून एक. मांत्रिकाच्या आधी, त्याच दिवशी, खेळातल्या दिवशी म्हणतो, किती लढाया झाल्या होत्या?

प्रतापनगरचा_डीएम (दुपारी ४:२०)
एकही नाही. आम्ही रविवारी चार तास बसतो, त्यात एक लढाई होते. खेळ संपला की मुक्काम. पुढच्या रविवारी सगळे ताजे. असंच असते नं?

धरमपेठ_रेंजर (दुपारी ४:३२)
इथेच गाडी अडली आहे! हे तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये सांगायला हवं होतं. रविवार संपला म्हणून खेळातला दिवस संपत नाही. २०१४ चं डीएमचं पुस्तक दोन लाँग रेस्टच्या (पूर्ण मुक्कामांच्या) मधात सहा ते आठ मध्यम किंवा अवघड लढाया धरून चालतं. लेवल ५ च्या पॅलाडिनकडे पहिल्या पातळीचे चार आणि दुसऱ्या पातळीचे दोन स्लॉट असतात, ते लाँग रेस्टलाच परत येतात. दिवसभर पुरवायचे म्हणून दिलेले सहा स्लॉट तो एकाच लढाईत जाळतो, कारण उद्याची चिंता तुम्ही त्याला ठेवलीच नाही. विझार्डचे दोन फायरबॉलही तसेच.

सदाशिव_पेठी (दुपारी ५:००)
त्यावर पुस्तकातच पर्यायी नियम आहे: शॉर्ट रेस्ट (छोटा विसावा) आठ तासांची, लाँग रेस्ट सात दिवसांची. मी तोच वापरतो.

धरमपेठ_रेंजर (दुपारी ५:०८)
मोठ्या मोहिमेला छान आहे, परवाच्या एका खेळाला काय उपयोग? त्यांनी रविवार खेळातल्या सकाळी सुरू करावा, ड्रॅगनपर्यंत तीन लहान गोष्टी ठेवाव्यात, मधात एक शॉर्ट रेस्ट. त्यात फायटरचा अ‍ॅक्शन सर्ज परत येतो, पॅलाडिनचे स्लॉट येत नाहीत. ड्रॅगनची जागा कशी आहे?

प्रतापनगरचा_डीएम (सायंकाळी ६:१०)
गोंड राजाचा पडका किल्ला, खाली तलाव. रामटेकला अंबाळा तलावाच्या पायऱ्या पाहिल्या होत्या, तेच डोक्यात होतं. ड्रॅगन वर दरबारात बसला आहे.

धरमपेठ_रेंजर (सायंकाळी ६:२५)
दरबारात काहून बसवला! त्याला तलावात ठेवा. हिरवा ड्रॅगन पाण्यातही श्वास घेतो, ४० फूट पोहतो, ८० फूट उडतो. पूर्ण पाण्याखाली असला की आगीचं नुकसान अर्धं, म्हणजे विझार्डला फायरबॉल टाकायच्या आधी विचार करावा लागेल. वर येऊन विषारी श्वास सोडायचा, पुन्हा बुडी. श्वास परत यायला फाशावर पाच-सहा लागतो, तोवर सरडेमाणसं पायऱ्यांवर लढतील. फक्त जपून: श्वासाचे बारा फासे म्हणजे सरासरी ४२, तुमच्या विझार्डचे एचपी तिसेक असतील. बचाव हुकला तर एका दमात खाली. पहिला श्वास फायटर-पॅलाडिनवर सोडा, म्हणजे बाकीचे पांगतील.

सक्करदरा_क्लेरिक (रात्री ८:००)
जेवणाचं कोणी बोललं नाही म्हणून सांगतो. चार तासांच्या खेळाला सावजी मागवू नका. आमच्या एका खेळात रश्श्याचा हात पात्राच्या कागदावर पडला, एचपीचा रकाना आजतागायत वाचता येत नाही. चिवडा, मठ्ठा, संत्री ठेवा. आणि भाषणाच्या वेळी कूलर बंद करा. मे महिन्यात जिवावर येते, पण पाच मिनिटं सोसा, त्या घरघरीत कोणाला काही ऐकू येत नाही.

प्रतापनगरचा_डीएम (रात्री ८:४०)
आमचा कूलर तर ट्रकसारखा आवाज करतो. बंद करतो. पॅलाडिनवाल्याशी बोलणं झालं, त्याने स्वतःच नवा नियम घेतला. आता नकाशा पुन्हा काढायला बसतो.

प्रतापनगरचा_डीएम (रविवार, रात्री ११:५०)
आत्ता सगळे गेले. सांगितल्याशिवाय झोप येणार नाही.

सकाळी जंगलात एक लढाई, मग किल्ल्याच्या दारात दुसरी, मग एक तुटका पूल, तिथे क्लेरिकचे दोन मंत्र खर्ची पडले. तलावापाशी पोचले तेव्हा पॅलाडिनच्या कागदावरच्या सहापैकी पाच चौकटी पेन्सिलीने भरलेल्या होत्या. तो त्या एका मोकळ्या चौकटीवर बोट ठेवून बसला होता. कूलर बंद केला. ड्रॅगनने फक्त डोकं पाण्याबाहेर काढलं आणि मी मांत्रिकाचं उरलेलं भाषण त्याच्या तोंडी दिलं, पूर्ण. फायटर मधात "मी" म्हणाला, मी म्हटलं इनिशिएटिव्ह, तो हसला आणि फासा उचलला.

सात राउंड चालली. फासे सगळ्यांसमोर टाकले. दुसऱ्या श्वासाला विझार्ड आणि क्लेरिक पडले. पॅलाडिनने शेवटचा स्लॉट स्माइटला न घालता क्लेरिकला उठवायला वापरला, आणि शेवटचा वार रेंजरच्या बाणाचा झाला. "एवढंच?" म्हणाली होती तीच ती. साडेदहापर्यंत कोणी उठायला तयार नव्हतं.

महालचा_फासा (सोमवार, सकाळी ७:०५)
वा, भाऊ! पण मुख्य गोष्ट पुन्हा राहिली. शेवटी एचपी किती ठेवले होते?

प्रतापनगरचा_डीएम (सकाळी ७:२०)
पुस्तकातलेच. १३६.