मदत हवी आहे : आजेसासऱ्यांचे जुने दोनरंगी चामडी बूट कसे जपावेत? (सांगली)

नमस्कार मंडळी,

जुन्या चामडी बुटांची साफसफाई आणि जपणूक यातलं कळणाऱ्या माणसांचा सल्ला हवा आहे. बूट माझ्या आजेसासऱ्यांचे. सांगली संस्थान असताना ते इथल्या कोर्टात वकिली करायचे. १९४८ च्या मार्चमध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं, त्या सुमाराच्या एका फोटोत त्यांच्या पायात हेच बूट दिसतात. म्हणजे वय पंचाहत्तरीच्या पुढचं नक्की. गावभागातल्या घराच्या माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत होते, त्यामुळे २००५ आणि २०१९ या दोन्ही पुरांतून वाचले. नाहीतर आमच्या खालच्या मजल्यावरचं काय काय गेलं ते सांगलीकरांना वेगळं सांगायला नको.

वर्णन देते. नाक, टाच आणि लेस ओवायची पट्टी तपकिरी, मधला भाग पांढरा. तपकिरी तुकड्यांच्या कडा करवतीसारख्या कातरलेल्या आणि कडेनं बारीक छिद्रांची नक्षी. इंग्रजीत यांना स्पेक्टेटर किंवा को-रिस्पाँडंट शूज म्हणतात एवढं मी शोधलं. सोल चामड्याचा, कडेनं शिवलेला. टाच चामड्याच्या थरांची, खिळे मारलेली. आत कंपनीचा ठसा आहे, पण त्यातलं एकही अक्षर लागत नाही.

आता अवस्था. पांढरा भाग हस्तिदंती पिवळा झालाय, आणि चालताना पाऊल जिथं दुमडतं तिथं केसासारख्या चिरा आहेत. तपकिरी भागावर पांढुरकी साय आल्यासारखी दिसते. ती बुरशी की आणखी काही, मला ओळखता येत नाही. छिद्रांमध्ये जुनं पॉलिश दगडासारखं बसलंय. आतल्या पातीवर (तळपाय टेकतो त्या चामड्यावर) टाचेपाशी खिळ्यांभोवती काळे गोल डाग आहेत आणि टाचेच्या अस्तराला बोट लावलं की तांबूस भुकटी येते. या भुकटीची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते.

अजून काहीही लावलेलं नाही. ट्रंकेतून काढून माजघरात जुन्या धोतराच्या तुकड्यावर ठेवलेत, एवढंच. घरी येणारा प्रत्येक जण मात्र उपाय सांगतो. खोबरेल चोळा, एरंडेल चोळा, टूथपेस्टनं पांढरं होतं, शाळेच्या पीटीच्या बुटांना लावतात ते पांढरं पॉलिश मारा. बाजारातल्या गटई स्टॉलवर बूट दाखवले. तिथल्या काकांनी हातात घेऊन बराच वेळ निरखले आणि म्हणाले, "वहिनी, पांढरा रंग मारून देतो, लग्नात घालण्यासारखे होतील. पण रंगाखालचं कातडं मग परत दिसायचं नाही. घरी विचारा आणि मग आणा." इतकं प्रामाणिक बोलणं ऐकून मी बूट परत घेऊन आले.

मला ते नव्यासारखे करायचे नाहीत. ज्या माणसानं ते घातले त्याच्या पावलाचा आकार त्या चुण्यांत उरलाय, तो तसाच राहावा. फक्त इथून पुढे झिजणं थांबावं, कातडं तडकू नये, पावसाळ्यात बुरशी येऊ नये. सासरे आता नव्वदीत आहेत. वडिलांची हाताला लागेल अशी वस्तू घरात ही एकच उरली आहे.

एक अडचण आहे. पुतण्याचं लग्न मार्गशीर्षात आहे आणि पणजोबांचे बूट रिसेप्शनला घालायची त्याची फार इच्छा आहे. माप जवळपास बसतं. एका संध्याकाळीपुरते घालता येतील का? सांगली, मिरज, कोल्हापूर भागात मिळतील अशाच वस्तू सांगाव्यात ही विनंती.

– कृष्णाकाठ

जुनंखोड :

ताई, आधी तुमचं आणि त्या स्टॉलवाल्या काकांचं अभिनंदन. जुन्या बुटांचं सगळ्यात जास्त नुकसान पहिल्या आठवड्यात, उत्साहाच्या भरात होतं. माझी नोकरी चामड्याच्या कारखान्यात गेली, त्यावरून सांगतो.

आधी कातडं कुठलं ते ओळखा. बुटाच्या जिभेच्या (लेसखालच्या सैल पट्टीच्या) वरच्या टोकाची कापलेली कड भिंगातून बघा. आतून राखाडी-निळसर दिसली तर कातडं क्रोमवर (क्रोमियमच्या क्षारांत) कमावलेलं आहे, तपकिरी दिसली तर झाडाच्या सालीवर. अशा बुटांत बहुधा वरचं कातडं क्रोमचं आणि आतली पात, अस्तर, सोल सालीवरचं असतं. दोघांचा स्वभाव वेगळा. आपल्याकडे खोबरेल-एरंडेल सुचवलं जातं ते कोल्हापुरी चपलेच्या सवयीनं. सालीवरचं जाड कातडं तेल पिऊन घेतं. तुमच्या बुटाचं वरचं कातडं पातळ आहे आणि पांढऱ्या भागावर रंगाचा थर आहे. तिथं तेल शिरलं की पिवळे डाग पडतात ते कायमचे. खोबरेल पुढं खवट होतं, थंडीत गोठून छिद्रांत बसतं ते वेगळंच. जवसाचं तेल तर हवेनं वाळून कडक होतं, त्याच्या वाटेला जाऊच नका.

दुसरं, पांढरा भाग गुळगुळीत आहे की त्याला मखमलीसारखी लव आहे? त्या काळी हरणाच्या किंवा वासराच्या कातड्यावर घासून लव उठवून पांढरा भाग करायची पद्धत होती. लव असेल तर तिथं क्रीम, मेण, पाणी काहीच चालत नाही. मऊ ब्रश आणि शाळेतलं मऊ पांढरं खोडरबर, बस. तुम्ही केसासारख्या चिरा म्हणताय त्यावरून भाग गुळगुळीत असावा असं वाटतं, पण बघून सांगा.

गुळगुळीत असेल तर असं करा. लेस काढून घ्या. घोड्याच्या केसांच्या ब्रशनं किंवा रंगाऱ्याच्या मऊ नव्या ब्रशनं धूळ झाडा. काम नेहमी पांढऱ्यापासून सुरू करा आणि ते पूर्ण वाळल्यावरच तपकिरीकडे वळा, कारण ओलाव्याबरोबर तपकिरी रंग सुटतो आणि पांढऱ्यात उतरला की निघत नाही. कान साफ करायच्या कापसाच्या काडीला किंचित पाणी लावायचं, काडी टिश्यूवर टिपून घ्यायची आणि गोल गोल फिरवत बोटभर जागा पुसायची. काडी मळली की दुसरी घ्यायची. संग्रहालयातले लोक अशा कामाला चक्क थुंकी वापरतात. तिच्यातल्या एन्झाइम्समुळे मळ साध्या पाण्यापेक्षा चांगला सुटतो. दोन रंगांच्या सीमेवर काडी आडवी न नेता कडेला समांतर फिरवा. साबण नकोच, घोड्याच्या खोगिराचा म्हणून मिळतो तोसुद्धा नको. कातडं थोडं आम्लधर्मी असतं आणि साबण अल्कधर्मी. टूथपेस्ट म्हणजे बारीक घासपावडर, ती रंगाचा थर खरवडते. नेलपॉलिश रिमूव्हर तर तो थर विरघळवूनच टाकतो.

पिवळेपणा मात्र जाणार नाही. तो मळ नाही, जुन्या रंगाचा आणि लाखेसारख्या थराचा वयानुसार बदललेला रंग आहे. ब्लीचनं पांढरा करायला गेलात तर कातडंच सडेल. हस्तिदंती आहे तो तसाच चांगला दिसतो, विश्वास ठेवा.

तपकिरी भागावरच्या सायीचं. हेअर ड्रायर अगदी मंद ठेवून हातभर अंतरावरून थोडा वेळ वारा द्या. साय विरघळून नाहीशी झाली तर ती कातड्यातली चरबी वर आलेली आहे, मऊ कापडानं पुसली की झालं. तशीच राहिली, पसरली आणि कुबट वास आला तर बुरशी. मग तोंडाला मास्क बांधून अंगणात न्या, ब्रशनं झाडा. आयसोप्रोपाइल अल्कोहोल मोठ्या मेडिकलमध्ये मिळतं. त्यात तेवढंच पाणी घालून काडीनं हलकं टिपा, आधी आतल्या बाजूला लपलेल्या जागी रंग सुटत नाही ना ते बघून. पांढऱ्यावर हे लावू नका. झाडलेला ब्रश लगेच धुवा, नाहीतर तीच बुरशी दुसऱ्या बुटाला लागेल.

छिद्रांतलं पॉलिश लाकडी टूथपिकचं टोक चावून मऊ करून काढा. सुई घालू नका. सगळं निघालंच पाहिजे असा हट्ट नको.

त्यानंतर कंडिशनर. लॅनोलिनचं रंगहीन क्रीम घ्या. चेरी ब्लॉसमची काळी-तपकिरी डबी म्हणजे मेणाचं पॉलिश, ते चमक देतं, कातड्याला ओलावा देत नाही. बोटाला तांदळाच्या दाण्याएवढं क्रीम घेऊन तपकिरी भागावर पातळ पसरा, रात्रभर ठेवा, मऊ कापडानं पुसा. आठवड्यानं पुन्हा. एकाच दिवशी थापू नका. पांढऱ्यावर क्रीम फक्त चिरांच्या आसपास, तेही जिभेच्या आत चाचणी करून. पडलेली चीर कुठल्याच क्रीमनं मिटत नाही, फक्त पुढं वाढायची थांबते.

काळे गोल डाग हे लोखंड आणि सालीतलं टॅनिन यांचं काम. हिरडा आणि हिराकस घालून पूर्वी शाई करायचे ना, तीच क्रिया तुमच्या टाचेत झालीय. याचा अर्थ तिथं कधीतरी ओल पोचली होती आणि खिळे गंजलेत. डाग घासू नका.

तांबूस भुकटीला इंग्रजीत रेड रॉट म्हणतात. सालीवरचं कातडं वर्षानुवर्षं हवेतली आम्लं शोषून आतून कुजतं, त्याचे धागेच तुटतात. झालेलं परतवता येत नाही. पाणी, तेल, क्रीम लागलं तर ते काळं आणि कडक होतं, म्हणून अस्तराला काहीही लावू नका. जाणकार लोक हायड्रॉक्सिप्रोपाइल सेल्युलोज अल्कोहोलमध्ये विरघळवून ते घट्ट करतात. ते घरी करायचं काम नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र आहे, तिथं फोटो पाठवून विचारता येईल.

घाटमाथा (सातारा) :

साफसफाईचं काकांनी सांगितलंच आहे, मी ठेवायचं सांगतो. साताऱ्यात आमच्याकडे श्रावणात कपाटातल्या पट्ट्यांवरसुद्धा बुरशी धरते, त्यामुळे यात बराच डोकं घातलंय.

ताई, माळा सोडाच. उन्हाळ्यात पत्र्याखाली भट्टी आणि पावसाळ्यात ओल, कातडं त्यानंच मरतं. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाटही नको. माजघरातली मधली फळी उत्तम. छोटा हायग्रोमीटर ऑनलाइन स्वस्तात मिळतो, तो शेजारी ठेवा. हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असली तर छान, ६५ च्या वर फार दिवस राहिली की बुरशी येणारच. पावसाळ्याचे महिने बूट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि सोबत सिलिका जेल, कॅमेरावाले ठेवतात तसं. मण्यांचा रंग बदलला की ते ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरता येतात. पण आर्द्रता ४० च्या खाली जाऊ देऊ नका, चिरा वाढतील. दिवाळीनंतर डब्यातून काढून मलमलीच्या पिशवीत. प्लॅस्टिकची पिशवी कधीच नको.

आत वर्तमानपत्राचे बोळे घालू नका, शाई पांढऱ्यावर उतरते आणि कागदही आम्लधर्मी असतो. तुमच्याकडे धोतराचं कापड आहेच, त्याच्या सैल गुंडाळ्या करून भरा. लाकडी स्प्रिंगचे साचे एरवी चांगले, पण एवढ्या जुन्या आखडलेल्या कातड्याला ते ताणून फाडतील. डांबर गोळ्या बुटाला टेकवून ठेवू नका.

कृष्णाकाठ :

जुनंखोड काका, घाटमाथा दादा, तुम्ही दोघांनी किती मनापासून लिहिलंत! भिंगातून बघितलं. जिभेची कड निळसर राखाडी आहे, पांढरा भाग गुळगुळीतच आहे. ड्रायरचा वारा दिल्यावर साय गेली, म्हणजे चरबीच. सासरे शेजारी खुर्ची घेऊन बसले होते, त्यांनाही फार बरं वाटलं. अस्तराला हात लावणार नाही.

पुतण्याचं काय करू? तो रोज विचारतो.

जुनंखोड :

ताई, स्पष्ट सांगतो, घालू देऊ नका. वरचं तपकिरी कातडं कदाचित एक संध्याकाळ सोसेल, पण सोलची शिलाई सुती किंवा तागाच्या धाग्याची असणार आणि धागा कातड्याआधी जातो. आतली पात कुजायला लागलेली, टाचेचे खिळे गंजलेले. स्टेजवर चार पावलं टाकली की पुढच्या चुणीत पांढरा भाग आरपार फाटेल. सोल बदलायचा तर जुनी शिलाई उसवून नवी घालावी लागेल, आणि त्या ओढाताणीत वरच्या कातड्याची कड तग धरणार नाही. बसून फोटो काढायचा असेल तर खुर्चीत बसवून अलगद पायात घाला, उभं राहू देऊ नका, पायमोजे धुतलेले सुती असू द्या.

नाट्यवेडा_मिरज :

वहिनी, एक सुचवू का? हौशी नाटकांच्या कपडेपटात मी मदत करतो. आम्हाला अशा काळातले बूट लागतात तेव्हा आम्ही जुने वापरत नाही, बनवून घेतो. पुतण्यासाठी तसाच नवा जोड शिवून घ्या. जुना जोड कारागिराकडे पाठवू नका, फोटो आणि मापं द्या. वरून, दोन्ही बाजूंनी, टाचेकडून असे फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून. छिद्रांच्या नक्षीवर पातळ ट्रेसिंग पेपर नुसता ठेवून हलक्या हातानं ठिपके उतरवा, दाब देऊ नका. करवती कडेचे दात किती मोठे तेही लिहा, तिथंच नक्कल ओळखू येते. चप्पल करणारे कारागीर आणि बूट करणारे कारागीर वेगळे, त्यामुळे आधी विचारा की कडेच्या शिलाईचा चामडी सोल करता का. मार्गशीर्षात लग्न असेल तर आत्ताच काम द्या, दिवाळीत कुणी नवं काम धरत नाही.

कृष्णाकाठ :

हे घरात सगळ्यांना पटलं, पुतण्यालासुद्धा! ट्रेसिंग पेपर उद्या आणते. स्टॉलवरच्या त्या काकांनाच आधी विचारणार आहे, ते स्वतः करत नसले तरी कोण करतं हे त्यांना माहीत असेल. जुनंखोड काका, शेवटचं एक: पांढऱ्या आणि तपकिरीच्या सीमेवरची शिलाई एका जागी बोटाच्या पेराएवढी उसवली आहे. ती तशीच सोडू, की जुन्याच भोकांतून हातानं घालून घेऊ?

जुनंखोड :

जुन्याच भोकांतून, हातानं, बोथट सुईनं. नवं भोक एकही पाडायचं नाही. धागा सुती घ्या, नायलॉन कातडं कापतो. ओढून घट्ट करू नका, दोन्ही कडा नुसत्या एकमेकींना टेकल्या की पुरे. हात थरथरत नसेल असा कुणीतरी बसवा, आणि दिवसाच्या उजेडात.