आईचं डायलिसिस, माझी झोप उडाली... प्राणायामाने फरक पडतो का?

आठवड्यातून तीनदा आईला भुसावळहून जळगावला नेतो, रात्री पडलो की छाती धडधडते. श्वासाचे व्यायाम, नामस्मरण, कुणाला खरंच गुण आला का?

> हो भाऊ. चार मोजत श्वास घ्यायचा आणि सहा मोजत सोडायचा, सोडणं लांबलं की ठोके मंदावतात, मी तर आकडे सोडून मुक्ताईचंच नाव घेते, कोथळीला तिच्या देवळात जाणं होत नाही म्हणून तेवढंच. आजार जात नाही त्याने, आपण तगतो.

> आईला कपालभाती लावू नका हं, बीपी असेल तर श्वास रोखायचाही नाही. टीव्हीवर बघून सुरू करणारे लई आहेत आपल्याकडे. आधी डॉक्टर.

> आपल्या खानदेशातल्या कानबाई देवीची गाणी म्हणा मोठ्याने, दम आपोआप लांबतो 😀

धन्यवाद सगळ्यांना. डायलिसिस चालू असताना बाहेर बाकड्यावर बसून भ्रामरी (भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडायचा तो प्राणायाम) केली तर लोक हसतील का?

> हसू द्या.