प्रेस बुडाली, नादारी झाली, आता २२ हजारांची नोकरी धरू का?

चारकोपकर:
नमस्कार मंडळी. गोरेगावला माझी छोटी ऑफसेट प्रेस होती, लग्नपत्रिका, बिलबुकं, मेडिकलवाल्यांची पाकिटं असलं काम. पत्रिका व्हॉट्सॅपवर गेल्या, बिलं कॉम्प्युटरवर गेली आणि लॉकडाऊनमध्ये धंदा जो बसला तो उठलाच नाही. मशीन बँकेने उचललं, बाकी देण्यांसाठी शेवटी हायकोर्टात नादारीचा (दिवाळखोरीचा) अर्ज केला, हुकूम पण झाला. आता वडाळ्याला एका प्रेसमध्ये सुपरवायझरची नोकरी मिळतेय, २२ हजार. मालक म्हणतो १२ कागदावर दाखवू, १० हातात देऊ, म्हणजे तुमच्या देणेकऱ्यांना पत्ता लागणार नाही. त्यात तिथला शिफ्ट इनचार्ज कोण, तर माझ्याच प्रेसमधला जुना मशीनमन, मला शेठ म्हणायचा. पगार सगळा देणेकरीच नेणार असतील तर अंधेरीला गाडी बदलून रोज लटकत जायचं कशाला? कोणी यातून गेलंय का?

स्पष्टबोल्या:
२२ हजारात मुंबईत काय होतं हो? लोनवर गाडी घ्या, ओला-उबरला लावा, स्वतःचे मालक रहा. कशाला जुन्या नोकराच्या हाताखाली.

जुना_कारकून:
अहो स्पष्टबोल्या, नादार माणसाला लोनवर गाडी कोण देतोय? हुकूम झाल्यावर कोर्टाकडून डिस्चार्ज, म्हणजे नादारीतून सुटका, मिळेपर्यंत ५० रुपये किंवा त्याच्यावर उधारी घ्यायची तर आपण नादार आहोत हे समोरच्याला आधी सांगावं लागतं, नाही सांगितलं तर गुन्हा. हो, पन्नासच. कायदा १९०९ चा आहे आणि आकडाही तेव्हाचाच. म्हणजे वाण्याच्या वहीवर तेलाचा डबा लिहितानाही सांगायला हवं. २०१६ चा नवीन दिवाळखोरी कायदा आला खरा, पण त्यातला माणसांचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो फक्त कंपनीसाठी पर्सनल गॅरंटी दिलेल्यांना. स्वतःच्या नावावर धंदा करणारा मुंबईकर अजून त्या जुन्या कायद्यातच.

चारकोपकर, आता तुमचं. सगळा पगार कोणी नेत नाही. दिवाणी कोर्टाचा नियम असा की पगारातले पहिले १००० आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश यांना हात लावता येत नाही (बायकोची पोटगी असेल तर हिशोब वेगळा). नादारीतही कोर्ट ऑफिशियल असायनीकडे (नादाराची मालमत्ता ताब्यात घेणारा कोर्टाचा अधिकारी) भरायला लावेल ते याच मर्यादेत. २२ हजारातून १ हजार बाजूला, राहिले २१, त्याचा तिसरा हिस्सा ७. म्हणजे जास्तीत जास्त ७ हजार जातील, १५ तुमचे. तेही कोर्टाने तसा हुकूम दिला तर. आणि नादारीचा हुकूम झाल्यावर बिनतारण देणेकऱ्याला कोर्टाच्या परवानगीशिवाय दावा ठोकता येत नाही, त्यामुळे कागदवाले, शाईवाले दारात आले तर असायनीच्या ऑफिसचा रस्ता दाखवा. प्रॉव्हिडंट फंडाला तर जप्ती लागतच नाही.

ते १२ कागदावर १० हातात प्रकरण अजिबात नको. मालकाला त्यात स्वतःचा पीएफ वाचवायचाय, तुमचा कळवळा वगैरे काही नाही. उद्या डिस्चार्जसाठी अर्ज कराल तेव्हा कमाई लपवली असं कोणी उभं राहून म्हणालं तर सगळं अडकेल.

मंडपवाला_बोरिवली:
कारकून साहेबांनी कायदा सांगितला, मी पोटाचं सांगतो. माझा मंडप डेकोरेशनचा धंदा गेला, आता एका सोसायटीत मॅनेजर आहे. पाण्याचा टँकर, लिफ्टवाला, तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं लीकेज, दिवस यातच जातो. आधी ज्यांच्या पोरांच्या लग्नाचे मंडप घातले तेच आता पार्किंगवरून मला झापतात. पहिले काही महिने जेवण जात नव्हतं, खोटं कशाला बोलू. पण रात्री फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं ते बंद झालं आणि बीपीची गोळी अर्धी झाली. मशीनमनचं म्हणाल तर पहिल्याच दिवशी तुम्हीच त्याला सगळ्यांसमोर साहेब म्हणून टाका. अवघडलेला तोही असणार, तुमच्यापेक्षा जास्तच.

एक कामाची गोष्ट, मालकाला २२ ऐवजी २१ वर बसवता येतंय का विचारा. ईएसआयची, म्हणजे सरकारी कामगार विम्याची, पगार मर्यादा २१ हजार आहे. तुमच्या पगारातून महिन्याला दीडशेच्या आसपास जातील पण बायको-पोरांचा दवाखाना त्यात निघतो आणि कांदिवलीलाच ईएसआयचं हॉस्पिटल आहे. आमच्याकडे मुलाच्या अपेंडिक्सला ते कार्ड नसतं तर पुन्हा कोणापुढे तरी हात पसरावे लागले असते.

चारकोपकर:
७ हजारांचा हिशोब कोणी सांगितलाच नव्हता, मी आपला सगळा पगार गेला असंच धरून बसलो होतो. सोमवारी मालकाला सांगतो, २१ द्या पण पूर्ण खात्यावर, पीएफ कापून. नाही म्हणाला तर दादरला एक डीटीपीवाला ओळखीचा आहे, तो १८ देतो म्हणतोय पण सगळं कागदावर. अजून एक, पगाराचं खातं जुन्या बँकेतच चालेल का? तिथे माझं ओव्हरड्राफ्ट होतं.

जुना_कारकून:
तिथे मुळीच नको. पगार जमा झाला की बँक आपलं येणं त्यातून वळतं करून घेऊ शकते, मग महिनाभर अर्ज-विनंत्या करत फिरा. जिथे एक रुपयाचंही देणं नाही अशा बँकेत नवीन खातं उघडा आणि असायनीला पत्राने कळवून टाका, पोच घ्यायला विसरू नका.

मंडपवाला_बोरिवली:
आणि जुन्या खात्यावरचे ऑटो डेबिट चालू असतील तर तेही लेखी बंद करा, बाउन्सचे चार्जेस उगाच चढत राहतात.

स्पष्टबोल्या:
ते ५० रुपयांचं खरंच माहीत नव्हतं. गाडीचं राहू द्या मग.