गोळीपेक्षा डास जड

शत्रू दिसत नाही हीच जंगलातल्या लढाईची खरी भीती, हे मान्य. पण दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर पायदळाला शत्रूइतकंच डासांशी आणि जुलाबांशी झुंजावं लागत होतं. तिथे जपान्यांशी लढणाऱ्या ब्रिटिश-भारतीय फौजेचे सेनापती जनरल स्लिम यांनीच लिहून ठेवलंय की १९४३ मध्ये एक जखमी मागे पाठवला जाई, तेव्हा १२० जण आजारपणाने जात.

म्हणून मेपाक्रिन या हिवतापावरच्या औषधाची रोजची गोळी सक्तीची झाली. तिने कातडी पिवळी पडे. वर अफवा अशी की पुरुषत्व जातं! मग काय, गोळी तोंडात आणि साहेबांची पाठ वळली की बाहेर. त्यावर स्लिम यांनी अचानक रक्ततपासणी सुरू केली आणि गोळी घेणारे ९५ टक्क्यांपेक्षा कमी निघाले तर थेट पलटणीच्या प्रमुखालाच घरी. तिघांना काढावं लागलं, बाकीचे आपोआप समजले.

बाकी दिवस म्हणजे चालणं आणि खणणं. अंधार पडायच्या आत खंदक तयार हवा. पहाटे आणि तिन्हीसांजेला सगळे बंदुका रोखून सज्ज. रात्री खुट्ट झालं तरी गोळी झाडायची नाही, कारण जपानी मुद्दाम आवाज करून तुम्ही कुठे आहात ते हेरायचे. नवख्यांना हे फार जड जाई.

आणि पाणी. मार्च १९४४ मध्ये मणिपूरमधल्या सांगशाकच्या लढाईत आपली मराठा पलटणही होती. तिथे विमानातून टाकलेली रसद बरीचशी जपान्यांच्याच हाती पडली, आणि टेकडीवरचे लोक तहानेने व्याकूळ.