जुळी पोरं, स्वभाव दोन टोकं, असं का?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली): सायकॉलॉजीचा पेपर तोंडावर आलाय, त्यात दोन मानसशास्त्रज्ञ आहेत, आयझेंक म्हणतो स्वभाव मेंदूतनं येतो, बंडुरा म्हणतो दुसऱ्याचं बघून शिकतो, मग आमच्या गल्लीतली जुळी, एक गणपतीत ढोल बडवतंय न दुसरं माडीवरनं उतरत नाही, हे कसं काय?

मिरजकर: हुबेहूब जुळी असली तरी काय, स्वभावातल्या फरकांत जीन्सचा वाटा साधारण ४० ते ५० टक्केच धरतात, बाकी ज्याचे त्याचे अनुभव.

कृष्णाकाठ: आयझेंकच्या मते अबोल माणसाचा मेंदू मुळातच जास्त उत्तेजित असतो, मग त्याला ढोल कसा सोसणार? जिभेवर लिंबू पिळलं तर लाळ पण त्यालाच जास्त सुटते म्हणे, तो प्रयोग लिही, भारी आहे.

तासगाववाला: बंडुराला नुसतं 'बघून शिकतो' म्हणू नको रे, मार्क जातील. १९६१ ची बोबो बाहुली (मोठ्यांनी तिला बडवलेलं बघून पोरांनी पण बडवली, तो प्रयोग) सगळेच लिहितात, 'मला जमेल' हा विश्वास पण लिही, तिथं तो कॉग्निटिव्ह, म्हणजे मनातल्या विचारांना धरणारा होतो.