विषय: ४ टनांच्या एसीसाठी जनरेटर किती किलोवॉटचा?

[ह्यूस्टनजवळच्या केटीहून]
सप्रेम नमस्कार. १ जूनपासून वादळांचा हंगाम सुरू होत आहे आणि कंत्राटदाराने घराचे क्षेत्रफळ विचारून, बाकी काहीही न पाहता, २२ किलोवॉटच्या कायमस्वरूपी जनरेटरचे दरपत्रक पाठवले आहे. सासरे इन्सुलिन घेतात व सासूबाईंना रात्री सीपॅप (झोपेत श्वास सुरळीत ठेवणारे यंत्र) लागतो, त्यामुळे बेरिल चक्रीवादळाच्या वेळचे हाल आम्हाला पुन्हा नकोत. ७ किलोवॉटच्या चाकांच्या जनरेटरवर आमचा ४ टनांचा एसी चालेल का, एवढेच जाणकारांनी सांगावे.

[शुगर लँडहून]
ताई, क्षेत्रफळावरून जनरेटर ठरवणे मुळातच चुकीचे आहे. फ्रिजला चालताना १५० ते २०० वॉट पुरतात, सीपॅपला त्याहूनही कमी, आणि दिवे-पंखे-वायफाय धरूनही तुमची निकडीची गरज दीड किलोवॉटच्या पुढे जात नाही. सगळा प्रश्न एसीच्या काँप्रेसरचा आहे. तो एकदा फिरू लागला की पंख्यासह साडेतीन-चार किलोवॉटवर भागते. पण सुरू होण्याच्या क्षणी तो त्याच्या कित्येक पट प्रवाह ओढतो. बाहेरच्या यंत्राच्या पट्टीवर ‘एलआरए’ (सुरू होण्याच्या क्षणीचा प्रवाह) हा आकडा असतो. तो ११० अँपिअर असेल तर २४० व्होल्टवर ती क्षणिक मागणी २६ केव्हीएच्या (व्होल्ट गुणिले अँपिअर, भागिले हजार) घरात जाते, आणि तिथे ७ किलोवॉटचा जनरेटर मान टाकतो. सॉफ्ट स्टार्टर (काँप्रेसर हळूहळू सुरू करणारे उपकरण) बसवल्यास हा झटका साधारण निम्म्याहून खाली येतो, तरीही ७ किलोवॉटवर तो निभेलच असे पट्टी पाहिल्याशिवाय मी म्हणणार नाही.

[पेअरलँडहून]
शुगर लँडच्या काकांच्या सॉफ्ट स्टार्टरविषयी आदरपूर्वक मतभेद नोंदवतो. ८ जुलै २०२४ ला बेरिल आले, २० लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली आणि त्यानंतरच्या उकाड्यात आम्ही सगळे एकाच खोलीत ८,००० बीटीयूच्या (सुमारे दोन तृतीयांश टनाच्या) खिडकीतल्या एसीवर झोपलो. तो जेमतेम ७०० वॉट घेतो. सासू-सासऱ्यांची एक खोली थंड राहिली तर घरभर हवा खेळवण्यासाठी पैसे ओतण्याचे कारण मला दिसत नाही. शिवाय ७ किलोवॉटचे यंत्र अर्ध्या भारावरही तासाला अर्धा ते पाऊण गॅलन पेट्रोल पिते, आणि पंपांवरच वीज नसते तेव्हा ते आणायचे कुठून?

[सायप्रसहून]
पेट्रोलची हीच अडचण असल्यामुळे नैसर्गिक वायूवरच्या जनरेटरचा विचार करावा, असे सामूहिक खरेदीची यादी सांभाळणारी या नात्याने मी गेल्या वर्षीही लिहिले होते. मात्र २२ किलोवॉटचे यंत्र पूर्ण भारावर तासाला सुमारे ३०० घनफूट वायू घेते आणि अनेक घरांचे वायूचे मीटर तासाला २५० घनफुटांचेच असते, हे दरपत्रकात लिहिलेले नसते. मीटर बदलण्याचा खर्च आणि वेळ वेगळा. इच्छुकांनी आपापली स्वतंत्र यादी सुरू न करता मलाच कळवावे, कारण मागच्या वेळी दोन याद्यांमुळे विक्रेत्याने सवलतच नाकारली.

[शुगर लँडहून]
पेअरलँडकरांचे एका खोलीचे म्हणणे मला मान्य आहे. सॉफ्ट स्टार्टर हा संपूर्ण घर थंड करायचे असेल तरचा उपाय आहे. ताई, ७ किलोवॉट घेतलाच तर ३० अँपिअरचा इनलेट (जनरेटरची वायर जोडायची जागा) आणि पॅनेलवर इंटरलॉक (बाहेरची वीज व जनरेटर एकाच वेळी जोडले जाऊ न देणारी कडी) परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच बसवून घ्या. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर भिंतीच्या सॉकेटात खुपसून घर चालवू नका. त्या मार्गाने वीज उलटी तारांत जाते आणि खांबावर काम करणाऱ्या माणसाचा जीव जाऊ शकतो. यंत्र गॅरेजमध्ये, दार उघडे ठेवूनसुद्धा, चालवायचे नाही. ते घरापासून किमान २० फूट दूर, धुराड्याचे तोंड खिडक्यांच्या उलट दिशेला. २०२१ च्या फेब्रुवारीतल्या थंडीत आपल्याच भागात कार्बन मोनॉक्साइडने माणसे दगावली, म्हणून सासू-सासऱ्यांच्या खोलीत बॅटरीवरचा अलार्म हवाच. बाहेरच्या यंत्रावरील पट्टीचे छायाचित्र मला पाठवा. एलआरए पाहून सायंकाळपर्यंत आकडा कळवतो, तोवर दरपत्रकावर सही करू नये.