मोठेपणी चित्रकलेच्या क्लासला गेलात? अनुभव लिहा

बोथट पेन्सिल
गेल्या दिवाळीनंतर ठाण्यात शनिवार-रविवारच्या ड्रॉइंग क्लासला जायला लागले. वय सत्तेचाळीस, पूर्वानुभव शून्य. बॅचमध्ये एक दंतवैद्य आहेत, दोन निवृत्त बँकवाले आणि पेपर्स संपल्यावर 'आता काय करू' म्हणत आलेली एक सीए मुलगी. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य, 'मला साधी सरळ रेघ मारता येत नाही हो.' बाई म्हणाल्या, 'सरळ रेघेसाठी पट्टी मिळते. त्यासाठी मला फी कशाला देता?'

शिकवण्याचे व्हिडिओ ढीगभर आहेत. पण प्रत्यक्ष वस्तू समोर ठेवून, चार लोकांच्या देखत काढताना काय होतं, ते कुणी लिहीत नाही. तुम्ही तिशी-पन्नाशीत नाहीतर त्याहून उशिरा शिकला असाल तर लिहा. कुठे अडलं, कशानं हात सुटला? सोडलं असेल तर का, तेही चालेल. 'सराव करा, नक्की जमेल' एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या. तपशील हवेत.

टूलरूमवाला
भोसरीत एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात नोकरी झाली. आधी बोर्डावर मिनी ड्राफ्टर लावून हातानं, मग संगणकावर ऑटोकॅडमध्ये. त्यामुळे निवृत्तीनंतर क्लासला गेलो तो जरा तोऱ्यातच. सरांनी समोर पितळी तांब्या ठेवला. मी तोंडाचं लंबवर्तुळ असं काढलं की शेजारचे वाकून बघायला लागले. सर आले आणि बुडावर बोट ठेवून म्हणाले, 'हे सरळ कसं?' म्हटलं, टेबल सपाट आहे ना. 'सपाट आहे हे तुम्हाला माहीत आहे. दिसतंय का तसं?'

मग त्यांनी काचेच्या पेल्यात अर्ध्यापर्यंत पाणी भरलं आणि माझ्या डोळ्यांसमोर धरलं. काठ डोळ्याच्या पातळीत असताना नुसती आडवी रेघ दिसली. पेला हळूहळू खाली नेला तसा काठ उघडत गेला. शेवटी टेबलावर ठेवला तेव्हा काठ चपटा, पाण्याची कड त्याहून उघडी आणि बूड सर्वांत गोलसर. एकाच पेल्यात तीन वेगळी लंबवर्तुळं! आयसोमेट्रिकमध्ये, म्हणजे यंत्रभागांच्या तिरप्या ड्रॉइंगमध्ये, वरचं आणि खालचं वर्तुळ सारखंच उघडं काढायचं, कारण तिथं बघणारा माणूस धरलेलाच नसतो. इथं तो माझ्या खुर्चीवर बसलेला. उशी घेऊन दोन इंच उंच बसलो तरी चित्र बदलतं. इतकी वर्षं प्रोजेक्शन शिकलेल्या माणसाला हे पेल्यानं सांगावं लागलं, म्हणजे कमालच. हल्ली चहाच्या टपरीवरसुद्धा कपाकडे बघत बसतो. चहा गार होतो.

आता नाही जात
मी सोडलं. आमचे सर फार मोठे कलाकार, पण मी अर्धं चित्र केलं की माझी पेन्सिल घेऊन माझ्याच कागदावर हात फिरवायचे. दोन मिनिटांत नाक नाकासारखं दिसायला लागायचं. घरी सगळे 'वा वा' करायचे. हॉलमध्ये फ्रेम लावली आहे, पण त्यातलं माझं काय, तर डाव्या कोपऱ्यातली सही. चांगले शिक्षक बाजूच्या कोऱ्या जागेत काढून दाखवतात, असं नंतर कळलं. क्लास निवडताना फीच्या आधी हे विचारा.

सोडावॉटर
कुणी लिहिणार नाही म्हणून लिहितो. चष्मा! या वयात शिकणाऱ्यांचा निम्मा घोळ तिथं आहे. समोरचा माठ लांबच्या काचेतून, कागद जवळच्या काचेतून, आणि मान सारखी वर-खाली. माझा प्रोग्रेसिव्ह आहे, म्हणजे लांबचं-जवळचं एकाच काचेत, आणि कडेच्या उभ्या रेघा त्यात वाकड्या दिसतात. बाटली कायम एका बाजूला कललेली यायची. बाईंनी टेबलावर आडवा ठेवलेला कागद बोर्डाला क्लिपा लावून उभा करायला लावला, समोरच्या वस्तूच्या शेजारी दिसेल असा. मान हलायची थांबली. दुसरा फायदा असा, की आडव्या कागदाची लांबची बाजू आपल्याला आखूड दिसते, म्हणून आपण नकळत ताणून काढतो. उभं केलं की तेही संपतं. शेवटी हातभर अंतरासाठी वेगळा, एकाच नंबरचा चष्मा करून घेतला. स्टुडिओत लटकवून ठेवलाय. (स्टुडिओ म्हणजे गॅलरीतला वॉशिंग मशीनजवळचा कोपरा.)

कराडची काकू
आमच्याकडे मोठ्यांची वेगळी बॅच नाही. मी चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसणाऱ्या सातवी-आठवीच्या मुलांत बसते. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, सगळं त्यांच्याबरोबरच. मुलं अजिबात भीड ठेवत नाहीत. 'काकू, तुमच्या सफरचंदाची सावली डावीकडे आणि बादलीची उजवीकडे. दोन सूर्य आहेत का?' एकीनं शेडिंग बोटानं पुसताना पकडलं, म्हणाली, 'सर ओरडतात, कागद मेणचट होतो.' खरंच होतो. बोटाचं तेल लागलं की वर पेन्सिल नीट बसत नाही. आता एचबीनं हलकं मांडून घेते, मग टूबी, आणि अगदी काळ्या जागी सिक्सबी, रेघेशेजारी रेघ. डोळे अर्धवट मिटून बघायचं, हेही त्यांनीच शिकवलं. बारीकसारीक दिसेनासं होतं, फक्त उजेड आणि काळोख उरतो.

स्मरणचित्रात मात्र मी त्यांना भारी. एसटी स्टँड म्हटलं की त्यांची माणसं नुसती उभी असतात. माझी पिशव्या सांभाळत भांडत असतात.

लेस्टरहून
इथल्या कम्युनिटी सेंटरात लाइफ ड्रॉइंग घेतात. मॉडेल विवस्त्र असते हे माहीत होतं, तरी पहिल्या दिवशी मी मिरजेच्या संस्कारांसह पार मागच्या रांगेत. पण पहिल्या पोझेस एकेका मिनिटाच्या. लाजायला सवडच नाही! कोळशानं न्यूजप्रिंटवर भराभर काढायचं आणि पान उलटायचं. बाई एवढंच ओरडायच्या, 'भार कुठल्या पायावर आहे?' ज्या पायावर भार, त्या बाजूचं कमरेचं हाड वर जातं आणि बहुधा त्याच बाजूचा खांदा खाली येतो. हे दोन तिरपे कल आधी मांडले की माणूस उभा राहतो. नाहीतर कितीही छान चेहरा काढा, पडतोच. सासूबाई व्हिडिओ कॉलवर विचारतात, 'आज काय काढलंस?' मी म्हणते, 'माणसं.'

बोथट पेन्सिल
@सोडावॉटर, उद्याच बोर्ड उभा करते. @लेस्टरहून, 😀 सासूबाईंना वही दाखवू नका.

बाहेर बसून कुणी काढतं का? आमच्या बाई पावसाळा संपला की न्यायचं म्हणताहेत. लोक बघतील या विचारानंच पोटात गोळा येतो.

गोदाकाठ
नाशकात बाहेर बसणं ही काही नवलाई नाही. रामकुंडावर कुणी ना कुणी जलरंगवाला बसलेला असतोच, लोकांना सवय आहे. मी तिथली दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती मापाला घेतो. हात ताठ, एक डोळा बंद, पेन्सिलीवर अंगठ्यानं मारुतीची उंची पकडायची आणि मग मागचं देऊळ किती मारुती रुंद, पायऱ्या किती मारुती लांब, असं मोजत जायचं. कोपर वाकलं की माप बदललं, एवढं सांभाळा. आणि सावल्यांचा आकार सुरुवातीलाच आखून टाका. तासाभरात ऊन सरकतं. सरकत्या सावलीमागे लागलात तर कराडच्या पोरी विचारतील तेच इथले भाविक विचारतील.

लोक बघतात, हो. बहुतेकांचा प्रश्न एकच, 'केवढ्याला देणार?' कितीही वाईट निघालेलं असू द्या, विचारतात. भिंतीला पाठ लावून बसा, मागे गर्दी होत नाही.